साबणाने गेलेली कृपा

गालिच्यांच्या दुकानावरचे ते लांबट दालन माणसांनी खचाखच भरले होते, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या मांडीवर एक आजारी मांजर होते. कोणाचे वेताच्या टोपलीत, कोणाचे जाळीच्या पिंजऱ्यात, कोणाचे नुसतेच जुन्या शालीत गुंडाळलेले. एवढी निरोगी मांजरे एका छपराखाली आली असती तर ते छप्पर जागेवर राहिले नसते. पण ही मांजरे भांडणाच्या पलीकडे गेलेली होती. त्यांचे मालक मात्र डोळ्यांत प्राण आणून समोरच्या व्यासपीठाकडे पाहत होते.

व्यासपीठावर पांढऱ्याशुभ्र झग्यात, मनगटापर्यंत लोंबणाऱ्या बाह्या सावरीत स्पर्शगुरू बसले होते.

"मित्रहो, डॉक्टर काय पाहतो? रक्त पाहतो, लघवी पाहतो! मी लहर पाहतो. शेपटीतून शिरलेली लहर मिशांपाशी तुंबली, याचंच नाव आजार. मोरी तुंबते ना, अगदी तशी! मी फक्त हात लावतो. आणि हा हात माझा नाही, मित्रहो. हा हात विश्वाचा आहे!"

"विश्व बरंच खाऊनपिऊन सुखी दिसतंय," दाराशी उभी असलेली थोरली पुटपुटली.

"ताई, हळू बोल ना गं," टोपली छातीशी धरून उभी असलेली धाकटी कळवळून म्हणाली.

थोरली आणि धाकटी या सख्ख्या बहिणी. थोरलीची धुलाईची पेढी होती. वडिलांच्या मागे तिने ती एकटीने उभी ठेवली आणि कापडावरचा डाग नुसत्या वासाने ओळखणारी बाई म्हणून नाव मिळवले. धाकटी त्याच पेढीत खिडकीशी बसून रफू करी. तिचा नवरा लग्नानंतर लवकरच गेला, मूल झाले नाही, आणि थोरलीच्या शब्दाबाहेर जाण्याची तिला सवय उरली नाही. तिच्या स्वतःच्या हक्काचे असे या जगात काही असेल तर ते टोपलीतले राखी बोक्याचे गाठोडे. त्याचे नाव मुकादम. पेढीत कोणी इस्त्री धरली की हा शेजारी येऊन बसे आणि शेवटची घडी होईपर्यंत हलत नसे, म्हणून ते नाव. त्या मुकादमाची आता हाडे मोजता येत होती.

दालनात शिरताना दारातल्या बाईने सर्वांना नियम ऐकवले होते. अत्तर लावून यायचे नाही, सुगंध लहरीला आडवा येतो. सहा महिन्यांच्या आतले पिल्लू आणायचे नाही, कोवळी लहर अजून बांधलेली नसते. एका दिवसात एकच स्पर्श, दुसरा मागितला तर पहिलाही वाया जातो. आणि डॉक्टरचे औषध आजपासून बंद, कारण औषधाने लहर मरते.

एका म्हाताऱ्याने आपली पांढरी मांजरी पुढे केली. गुरूंनी तिच्या तोंडावरून हात फिरवला. मांजरीने डोळेसुद्धा उघडले नाहीत. गुरूंनी हात मागे घेतला आणि दुःखाने मान हलवली.

"घरात कोणाचं तरी मन साफ नाही, बाबा."

म्हाताऱ्याने वळून बायकोकडे पाहिले. बायको तोंडात पदर कोंबून रडू लागली. दालनातल्या कोणालाही त्यात काही वावगे वाटले नाही.

मग मुकादमाची पाळी आली. चार दिवस ज्याने मान वर केली नव्हती, त्या मुकादमाने गुरूंचा हात नाकाशी येताच डोळे उघडले. त्याने हात हुंगला, गाल त्यावर घासला, आणि पाहता पाहता तो टोपलीतून बाहेर येऊन गुरूंच्या बाहीला मिठी मारून लोळू लागला. लाळ गळत होती, घशातून घुर्रघुर्र चालली होती. दालनात "आहा" असा एकच उद्गार उठला. धाकटीने तिथेच जमिनीला डोके टेकले.

"याची लहर सुटते आहे," गुरू म्हणाले. मग त्यांनी दाराकडे बोट केले. "पण या जिवाच्या घरात एक कोरडं मन आहे. त्या तिकडे उभ्या आहेत त्या! याचा आजार तिथून येतो."

साऱ्या माना थोरलीकडे वळल्या. सबंध बाजार जिला वचकून असे, तिच्याकडे गालिच्यांवर बसलेली माणसे कीव आणि किळस यांच्या नजरेने पाहत होती. थोरली जिना उतरली तेव्हा तिची मान नेहमीपेक्षा ताठ होती. तो अपमान तिने घडी घालून नीट ठेवून दिला.

*

गुरूंकडे जाण्यापूर्वी मुकादमाला जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना दाखवले होते. तरुण मुलगी, बोलणे मोजके. तिने पोट दाबून पाहिले, रक्त तपासले, पडद्यावर आतली चित्रे पाहिली आणि सरळ सांगितले होते, "आतड्याची भिंत जाड झाली आहे. नुसती सूज असेल किंवा गाठ असेल. दोन्ही बाहेरून सारखीच दिसतात."

"पण तुम्हाला काय वाटतं?" धाकटीने विचारले होते.

"वाटण्यावर औषध देता येत नाही, मावशी. पोट उघडून छोटा तुकडा तपासावा लागेल. सूज निघाली तर रोजच्या गोळ्यांवर वर्षानुवर्षं जगेल. गाठ निघाली तर थोडे दिवस, पण कळा कमी करता येतील."

"म्हणजे नक्की काय आहे ते..."

"माहीत नाही. पण शस्त्रक्रिया लवकर करू. अजून अंगात ताकद आहे. अशीच उतरत गेली तर भूल सोसायची नाही. तोवर या गोळ्यांनी दुखणं थांबेल."

त्या "माहीत नाही" ने धाकटीला पोखरले. घरी येताना ती सारखी म्हणत होती, "एवढं शिकलेली मुलगी, आणि तिला माहीत नाही?" आणि नंतर तिला तो भेटला, ज्याला सगळेच माहीत होते. गोळ्यांची डबी तिने खिडकीच्या वरच्या फळीवर ठेवून दिली. मुकादम गुरूंच्या हाताखाली नाचे आणि घरी आला की भिंतीकडे तोंड करून बसे. तो नाच धाकटीला दिसे, ते भिंतीकडे वळलेले तोंड दिसत नसे. दुखणाऱ्या मांजराला रडता येत नाही. ते फक्त भिंत धरते.

*

धाकटीने सेवा म्हणून गुरूंचे झगे धुवायला आणि बाह्यांचे उसवलेले अस्तर रफू करायला मागून घेतले. दारातल्या बाईने न तपासताच बांधून दिलेले मळक्या झग्यांचे बोचके पेढीत येऊन पडले त्या सोमवारी दुपारी थोरली हिशेबाच्या टेबलाशी होती. इस्त्रीवाला ओरडला, "मालकीणबाई, इकडे बघा! मुकादम उठला!"

खरोखरच मुकादम फरपटत बोचक्यापाशी गेला होता आणि एका झग्याच्या बाहीवर गाल घाशीत लोळत होता. तीच लाळ, तीच घुर्रघुर्र.

धाकटी हात जोडून उभी राहिली. "पाहिलंस ताई? ते इथे नाहीत, तरी त्यांच्या कपड्यांतसुद्धा शक्ती!"

"शक्ती दोन्ही बाह्यांतच बरी राहते," थोरली म्हणाली. "पाठीवर नाही, पोटावर नाही. विश्वाला फक्त मनगटं आवडतात वाटतं?"

"तुला सगळ्याचीच थट्टा!"

धाकटी मुकादमाला उचलून वर गेली. थोरलीने बाही नाकाशी नेली. पायमोजे आठवडाभर ओल्या बुटात कोंबून ठेवावेत तसा कुबट, गोडसर दर्प. घामाचा नव्हे, घामाशी तिची उभ्या जन्माची ओळख होती. कापडावर पिवळट तपकिरी डाग, तोही आतल्या बाजूने. तिने अस्तराची शिवण उसवली. आत बोटभर लांबीची मलमलीची पिशवी शिवलेली होती, आणि पिशवीत मुळ्यांचा भरडा.

तिला जे काम येत होते तेच तिने केले. डावी बाही पिशवी काढून साबणाने तीनदा उकळली, उजवी तशीच ठेवली. इस्त्रीवाल्याने मागच्या बोळातली चार भटकी मांजरे मासळीच्या आमिषाने आत घेतली आणि दोन्ही बाह्या त्यांच्यापुढे टाकल्या. डावीकडे कोणी फिरकले नाही. उजव्या बाहीवर तिघांनी लोळण घेतली, आणि चौथे शेपटी उंचावून निघून गेले.

"मालकीणबाई, त्या चौथ्याच्या घरात कोणाचं मन साफ नसेल हो!" इस्त्रीवाला खो खो हसत म्हणाला.

"जी कृपा साबणाने निघते," थोरली म्हणाली, "तिला आमच्या धंद्यात डाग म्हणतात."

त्याच संध्याकाळी ती पिशवी घेऊन डॉक्टरीणबाईंकडे गेली. मुलीने एकदा हुंगले आणि म्हणाली, "तगरमूळ. माणसाला दर्प येतो, मांजराला चढतो. दारू चढावी तसा. लोळतात, लाळ गाळतात, गाल घासतात, आणि थोड्या वेळाने उतरतं. लगेच पुन्हा दिलं तर काही होत नाही. मध्ये वेळ जावा लागतो."

"पिल्लांना?"

"सहसा चढत नाही. वयात यावं लागतं. काही मांजरांना तर जन्मभर चढत नाही, उपजतच."

थोरली खुर्चीत मागे टेकली. पिल्लू आणू नका, मुळीचा दर्प झाकणारे अत्तर लावू नका, दिवसाला एकच स्पर्श! त्या महात्म्याचा एकेक नियम एका मुळीचा नियम होता. मुळीने सांगितलेले तो लोकांना ऐकवीत होता, आणि मुळी जिथे लागू पडत नव्हती तिथे तो लोकांच्या बायकांना रडवीत होता.

"आणि ती घुर्रघुर्र? मांजर आनंदात असतं तेव्हाच करतं ना?"

"मरतानाही करतं," डॉक्टरीणबाई म्हणाली. "बाई, हे मावशींना आजच सांगा. उद्या सकाळी बोक्याला घेऊन या. फार उशीर झालाय."

थोरलीने पिशवी रुमालात बांधली. "शनिवारी त्याची सभा आहे. सगळ्या गावासमोर त्याचा बुरखा फाडते. नुसतं सांगून हिला पटायचं नाही."

"पटेल, न पटेल. बोका शनिवारपर्यंत थांबेल, असं मी म्हणत नाही."

थोरलीने ते ऐकले. ऐकून ती उठली. वाटेत ती आपल्या मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत राहिली की, धाकटी भोळी आहे, तिला डोळ्यांनीच पाहायला हवे. ते खोटे नव्हते. पण त्या विचाराच्या तळाशी गालिच्यांवर बसलेली ती माणसे होती, तिच्याकडे वळलेल्या त्या माना होत्या, आणि त्या माना खाली गेलेल्या तिला पाहायच्या होत्या.

*

मधले दिवस मुकादम वरच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून होता. धाकटी चमच्याने पाणी पाजी आणि म्हणे, "शनिवारी गुरुजी हात लावतील हं, राजा." थोरली खाली बसून झगे धूत होती. असे झगे तिने आयुष्यात कधी धुतले नव्हते. बाह्यांच्या अस्तरात तिने पुन्हा तशाच पिशव्या शिवल्या आणि आत लाकडाचा भुसा भरला. निघताना तगरमुळाची पिशवी तिने इस्त्रीवाल्याच्या जुन्या पायमोज्यात घातली आणि मोजा पर्समध्ये टाकला.

शनिवारी गुरूंनी तो ताजा, कडक इस्त्रीचा झगा दालनामागच्या खोलीत अंगात चढवला आणि ते व्यासपीठावर आले. पहिले मांजर जागचे हलले नाही. गुरूंनी घर मळलेल्या मनाचे ठरवले. दुसरे हलले नाही. तेही घर मळके निघाले. तिसऱ्याने गुरूंच्या बोटाला दात लावले. चौथ्या वेळी गुरूंच्या कपाळावर घाम आला आणि लोकांत कुजबुज सुरू झाली.

"आज या सभेत कोणीतरी अश्रद्ध बसलं आहे!" गुरू गरजले.

"बसलेलं नाही, उभं आहे," थोरली दारातून म्हणाली. "मागच्या खेपेलाही उभंच होतं. तेव्हा बरी चालली तुमची लहर!"

ती व्यासपीठापर्यंत चालत गेली आणि लोकांकडे वळली. "यांचा झगा माझ्या पेढीत धुतला, त्याबरोबर यांचं सामर्थ्यही धुतलं गेलं. आता हे पाहा. हे माझे नवे गुरू. मोजेबाबा!"

मोजा तिने पहिल्या मांजरापुढे धरला. मांजर उठले. दुसरे उठले. एक लंगडी मांजरी तर मोज्याला मिठी मारून उताणी झाली. दालनात आधी एक हसू, मग हशाचा लोट. थोरलीने पिशवी काढून दाखवली, मुळीचे नाव सांगितले, आणि पिल्लू, अत्तर, एकच स्पर्श या एकेका नियमाचे कातडे सोलून लोकांपुढे टाकले. गुरू "हा विश्वाचा अपमान आहे" असे काही म्हणत मागच्या दाराकडे सरकत होते. कोणीतरी त्यांची बाही धरून ओढली, अस्तर फाटले आणि भुसा भुरभुरत गालिच्यावर पडला.

"बाबा," थोरली त्या म्हाताऱ्याला म्हणाली, "बायकोची माफी मागा. तिचं मन साफच आहे, तुमच्या मांजरीचं नाक वेगळं आहे, एवढंच."

म्हाताऱ्याने माफी मागितली नाही. तो पुढे झुकून हळूच म्हणाला, "बाई, हा मोजा आठवडाभर द्याल का? आमच्या धाकट्या मांजरीला लावून पाहतो."

थोरलीने त्याच्याकडे पाठ केली. तिला अजून शेवटचा घाव घालायचा होता, आणि तो घाव तिने मुकादमासाठी राखून ठेवला होता. धाकटी कोपऱ्यात पांढऱ्याफटक चेहऱ्याने टोपली धरून बसली होती. थोरलीने सर्वांच्या देखत मोजा मुकादमाच्या नाकाशी नेला.

"बघ, आता तुझा मुकादम बघ."

मुकादमाने डोळे उघडले नाहीत. थोरलीने मोजा आणखी जवळ नेला, गालाला लावला. बोक्याच्या घशातून बारीक घुर्रघुर्र येत होती. पण ती मोज्यासाठी नव्हती. मोजा येण्याआधीपासून ती चालू होती.

हशा विरला. थोरलीच्या हातातला मोजा तसाच राहिला. डॉक्टरीणबाईने काय सांगितले होते ते तिला आठवले, आणि तिने टोपली उचलली.

*

डॉक्टरीणबाईने सलाईन लावले, दुखणे थांबवणारी सुई टोचली आणि बोट घालून हिरड्यांचा रंग पाहिला.

"आता भूल सोसणार नाही. सुईने जमेल तेवढा नमुना घेते. काही कळलं तर कळलं."

"तुम्हाला काय..." धाकटीने सुरुवात केली आणि ती थांबली. मग म्हणाली, "कळलं की सांगा."

मुकादम दुसऱ्या दिवशी दुपारी गेला. औषधामुळे त्याला कळ नव्हती आणि त्याचे तोंड भिंतीकडे नव्हते, धाकटीकडे होते. धाकटीच्या साऱ्या सेवेतली तेवढीच एक दुपार त्याला खरी मिळाली.

पुढे नमुन्याचा निकाल सांगायला डॉक्टरीणबाई स्वतः पेढीवर आली. धाकटी खिडकीशी रफू करीत होती.

"गाठीच्या पेशी दिसल्या नाहीत," मुलगी म्हणाली. "सुजेच्या दिसल्या. सुईचा नमुना लहान असतो, त्यामुळे शपथेवर सांगणार नाही. पण बहुतेक सूजच."

"म्हणजे रोजच्या गोळ्यांनी..." धाकटी म्हणाली.

"बहुतेक."

धाकटीने सुई कापडात अडकवून ठेवली. "ताई, ती बाहीतली पिशवी तुला कधी सापडली?"

थोरलीने आयुष्यात कधी गिऱ्हाइकाला खोटी तारीख दिली नव्हती. "सोमवारी," ती म्हणाली.

"आणि शनिवारपर्यंत तू झगे धूत बसलीस."

"तुला पटलं नसतं गं..."

"नसतं पटलं. मी मूर्खच. पण गोळ्यांची डबी फळीवर होती, ताई. तुझा हात पोचत होता. माझ्या नकळत दुधात गोळी घातली असतीस, तर निदान त्याची कळ थांबली असती." तिचा आवाज चढला नव्हता. "आधीचे दिवस त्या लुच्च्याने खाल्ले. शेवटचे तू खाल्लेस. त्याने पोटासाठी खाल्ले. तू टाळ्यांसाठी."

इस्त्रीवाल्याने इस्त्री उभी करून ठेवली. थोरलीच्या शब्दापुढे शब्द टाकण्याची त्या घरात कोणाची छाती नव्हती. आता थोरलीचीच मान खाली गेली.

स्पर्शगुरू दुसऱ्या गावी गेले. आता ते कुत्र्यांच्या लहरी पाहतात असे ऐकिवात आहे; त्यासाठी कोणता भरडा लागतो ते कोणी शोधले असल्यास लोकांना सांगावे, आणि सांगायला सभेची वाट पाहू नये.

परवाच एक गिऱ्हाईक बाई चादरी टाकायला आली आणि बोलता बोलता म्हणाली की, तिच्या मांजरीने अन्न सोडले आहे, डॉक्टरांना काही नीट सांगता येत नाही, आणि पुलापलीकडे कोणी मंतरलेला दोरा देतो म्हणतात. पूर्वीची थोरली असती तर तिने दोऱ्यावरून तिला सर्वांदेखत सोलून काढले असते. थोरलीने चादरी बाजूला सारल्या, चपला पायात सरकवल्या आणि ती टेबलामागून बाहेर आली.

"मांजरी घरी आहे? चल, आत्ता घेऊन जाऊ."

"पण बाई, डॉक्टर म्हणतात माहीत नाही..."

"माहीत नाही असं म्हणणारा माणूस शोधत असतो. सगळं माहीत असलेल्याचा शोध संपलेला असतो. तो तुझ्या मांजरीकडे बघतसुद्धा नाही. कदाचित वाचेल, कदाचित नाही. पण तपासून घे, आणि उद्यावर ठेवू नकोस. खरं उशिरा कळलं तर ते नुसतं आपला शहाणपणा मिरवायला उरतं."

गिऱ्हाईक बाई गोंधळून खिडकीकडे पाहू लागली. रफू करणाऱ्या बहिणीने मान वर केली नाही; फक्त दोरा तोडून म्हणाली, "जा त्यांच्याबरोबर. यावेळी त्या लगेच निघाल्या आहेत."

थोरली पेढी उघडी टाकून रस्त्यावर उतरली.